सहलीची कुऱ्हाड : हलकी किती आणि स्वस्त किती ?

येत्या थंडींत आमच्या मंडळाचे कांहीं तरुण सभासद डोंगर-किल्ल्यांच्या सहलीस निघणार आहेत, व त्यांपैकीं दोघां-तिघांनीं आमच्याकडे येऊन असा प्रश्न केला कीं, पाठपिशवींत घालून नेण्याजोगी हलकी आणि थोड्या पैशांत मिळणारी कुऱ्हाड कोणती घ्यावी. प्रश्न लहान दिसतो खरा. परंतु शेतकऱ्याच्या मुलानें कुऱ्हाड कशी पारखावी हें महसुलाच्या एका पेन्शनर कारकुनास विचारावें, यांतच काळ किती पालटला तें दिसून येतें. आमच्या वडिलांच्या वेळीं हा प्रश्न कोणी विचारला नसता. लोहाराच्या भात्याशीं बसून पोरांस तें ज्ञान आपोआप होत असे. आज गांवच्या लोहाराचा भाता निवाला आहे, आणि शहरांतल्या दुकानांत कांचेआड मांडलेली काळीभोर, चकचकीत, दांड्यांत होकायंत्र बसविलेली कुऱ्हाड पाहून मुलांचे डोळे दिपतात. तीस वर्षें दप्तर सांभाळल्यामुळें आम्हांस कोणतीही वस्तु उलटसुलट करून पाहण्याची खोड जडली आहे. त्या खोडीच्या व एका जिवावरच्या प्रसंगाच्या आधारावर आम्ही आपलें मत येथें मांडीत आहों.

प्रथम एका आक्षेपाचें उत्तर देणें प्राप्त आहे. कित्येक वाचक म्हणतील कीं, हिवरे बाजार व राळेगण सिद्धी यांसारख्या गांवांनीं कुऱ्हाडबंदी करून आपलीं शिवारें हिरवीं केलीं, आणि शेतकऱ्यांच्या मासिकानें मात्र कुऱ्हाड कशी घ्यावी हें शिकवावें, हा कोठला न्याय ? आक्षेप खोटा नाहीं. परंतु त्या गांवांनीं बंदी घातली ती उभ्या झाडावर चालणाऱ्या कुऱ्हाडीस. बांधावरची वाळली फांदी चुलीजोगी करणाऱ्या कुऱ्हाडीस नव्हे. आम्ही ज्या कुऱ्हाडीविषयीं लिहीत आहों ती पडलेलें, वाळलेलें, आपल्या हक्काचें लांकूड फोडण्यापुरती आहे. ज्यास उभें झाड तोडावयाचें असेल त्यानें हा लेख येथेंच मिटून ठेवावा.

आणखी एक गोष्ट आरंभींच सांगून टाकतों. विचारणाऱ्यांपैकीं निम्म्यांस कुऱ्हाडीची गरजच नाहीं. हुरड्याच्या आगटीस गोवऱ्या पुरतात. मनगटाएवढ्या फांद्यांचे तुकडे करावयाचे तर घडीची लहान करवत कुऱ्हाडीपेक्षां कमी श्रमांत व कमी धोक्यांत तें काम करते, आणि वजन पाव किलोच्या आसपास. कोंकणांतला मनुष्य तर कमरेच्या आकडींत कोयती अडकवून सारें रान पालथें घालतो. त्यास कुऱ्हाडीची आठवणही होत नाहीं. कुऱ्हाड लागते ती ओंडका उभा चिरावयाचा असतां. पावसानें वरून भिजलेलें लांकूड आंतून कोरडें असतें, व तो कोरडा गाभा बाहेर काढणें करवतीस साधत नाहीं. ही गरज ज्यास खरोखर पडते त्यानें पुढें वाचावें.

आतां वजन. ‘हलकी’ हा शब्द ऐकतांच मुलें सर्वांत हलकी तीच उत्तम असें समजतात. हीच पहिली चूक. कुऱ्हाडीचें काम तिच्या पात्याच्या वजनानें व हाताच्या वेगानें होतें. पातें तीनशें ग्रॅमचें असेल तर तें लांकडांत शिरण्याऐवजीं उसळी घेतें. मग मनुष्य चिडून जोरानें हाणतो, आणि अपघात होतो. उलट घरीं सरपण फोडण्याची दीड किलो पात्याची कुऱ्हाड पाठीवर घेऊन गड चढणारा गडी अर्ध्या वाटेंत ती दुसऱ्याच्या गळ्यांत घालतो. आमच्या मतें पातें अर्धा किलो ते सहाशें ग्रॅम असावें, दांडा १४ ते १६ इंच असावा, व दांड्यासकट सर्व वजन किलोच्या आंत राहावें. तराजू नसेल तर कुऱ्हाड पात्याजवळ धरून घरापासून विहिरीपर्यंत व परत चालून यावें. हात भरून आला तर जड. मग घरचें एक वाळलें लांकूड पुढें ठेवून दहा घाव घालावे, आणि पातें दर वेळीं उसळत असेल तर ती फाजील हलकी समजावी.

येथें आमच्यावर गुदरलेला प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. चार वर्षांपूर्वीं आठवड्याच्या बाजारांत एका दुकानीं आम्हीं अशीच एक लहान कुऱ्हाड घेतली. दांडा लाल-पिवळ्या रंगानें रंगविलेला, पातें आरशासारखें, आणि किंमत ऐकून आम्ही मनांत हर्षित झालों. घरीं आल्यावर दांडा किंचित डळमळतो असें दिसलें. आमचे थोरले पुतणे म्हणाले, “अण्णा, रात्रभर पाण्यांत घाला, फुगून घट्ट होईल.” आम्हीं तसेंच केलें, व सकाळीं ती खरोखर दगडासारखी घट्ट बसली. दोन दिवसांनीं ओढ्याकांठीं मुलांसह वनभोजनास गेलों. पुतणे बाभळीचें वाळलें खोड फोडूं लागले, आणि सहाव्या-सातव्या घावास पातें दांड्यांतून सुटून जें उडालें तें धाकट्या पुतण्याच्या कानाजवळून जाऊन मागच्या मातीच्या दरडींत रुतलें. दोन बोटांचें अंतर ! पोरगा आठ वर्षांचा होता. त्या दिवशीं आम्ही जेवलों नाहीं.

दुकानदारास आम्हीं जाऊन बोल लावला, परंतु खरा हिशेब मांडावयाचा तर निम्मा दोष आमच्या पदरीं येतो. रंग खरवडून पाहतां दांड्याचे तंतु आडवे गेलेले, नेढ्यांतली पाचर बोटाच्या पेराएवढीही नाहीं, व दांडा ओल्या लांकडाचा. हें सारें रंगाखालीं झांकलें होतें. परंतु पाण्यांत घालण्याची युक्ति आमचीच. पाण्यानें लांकूड फुगतें, नेढ्याच्या लोखंडांत त्याचे तंतु चिरडतात, आणि वाळल्यावर तें पूर्वीपेक्षांही बारीक होतें. म्हणजे सैल दांडा पाण्यानें घट्ट करणें म्हणजे दोन दिवसांची मुदत घेऊन अधिक सैल करणें होय. हें आम्हांस त्या वेळीं ठाऊक नव्हतें. जवसाचें तेल नेढ्याच्या टोंकाशीं मुरूं दिल्यास लांकूड पाण्यासारखें लगेच आकसत नाहीं. परंतु खरा उपाय म्हणजे पाचर काढून नवी, लांब, कठीण लांकडाची पाचर ठोकणें हाच. तेल हें तिच्या मागून.

तेव्हां ज्यास थोडा पैसा खर्च करावयाचा आहे त्यानें तो पात्याच्या चकाकीवर न करता दांड्यावर करावा, हें आमचें पहिलें म्हणणें. रंगविलेला दांडा घेऊंच नये. दांडा डोळ्यासमोर आडवा धरून त्यावरील तंतूंच्या रेषा पाहाव्या; त्या मुठीपासून नेढ्यापर्यंत सरळ जाव्या. मध्येंच तिरप्या होऊन बाहेर निघत असतील तर दांडा नेमका तेथेंच मोडावयाचा. मग टोंकाकडून पाहावें. वलयांच्या रेषा धारेच्या दिशेनें असाव्या, आडव्या नसाव्या. मुठीचें टोंक थोडें जाड असावें, म्हणजे घामेजल्या हातांतून निसटत नाहीं. लांकडांत धामण उत्तम. ती लवचिक असून आघात सोसते, म्हणूनच पूर्वीं गाडीच्या कामास तिला मान होता. तिवसही चांगला. साग दिसण्यास सुंदर, परंतु धक्का सोसण्यांत धामणीच्या मागें. मात्र एक सांगून ठेवतों. वृक्षतोडीविषयींच्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या अधिनियमाप्रमाणें अनुसूचींतील झाडें स्वतःच्या मालकीच्या जमिनींतूनही परवानगीवांचून तोडतां येत नाहींत, व तिवस त्या यादींत आहे. कुऱ्हाडीच्या एका दांड्यासाठीं प्रकरण अंगावर घेण्यांत शहाणपण नाहीं. आपल्या बांधावरच्या बाभळीची सरळ फांदी कापून, सालीसकट सावलींत सहा-आठ महिने वाळवावी. आमच्या आजच्या कुऱ्हाडीस तोच दांडा आहे. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण बाभळीनें आमच्याकडे खरी केली खरी, पण अपराध केवळ वाळल्या फांद्यांपुरताच.

पात्याविषयीं. शेतकऱ्यास परवडणारें चांगलें पातें दोन ठिकाणीं मिळतें : एक लोहाराकडे, दुसरें भंगारांत.

लोहार म्हटला म्हणजे आज बहुधा रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेला घिसाडी. या लोकांकडे आपण भाव पाडून घेण्यापुरतेंच पाहतों. गेल्या दिवाळीनंतर आमच्या गांवाबाहेर एक कुटुंब उतरलें होतें. म्हातारा सांडशीनें तापलें लोखंड धरी, आणि त्याची सून घण घाली. तिचा एकही घाव चुकल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. आम्हीं कुऱ्हाडीचें काम सांगतांच म्हातारा म्हणाला, “भाऊसाहेब, पाटा आणा ट्रकचा, मग बघा.” पाटा म्हणजे मालमोटारीच्या कमानींतली पोलादी पट्टी. तिच्यांत कर्बाचें प्रमाण शेंकडा अर्ध्याच्या किंचित वर असतें, म्हणून तिला पाणी चढतें; साधें बांधकामाचें लोखंड कितीही तापवून बुडविलें तरी धार धरीत नाहीं. ज्यानें हा पाटा स्वतः पैदा करून दिला त्याचा निम्मा खर्च वांचला. कांहीं कारागीर अंग साध्या लोखंडाचें करून धारेपुरती पोलादाची पट्टी आंत घालतात. तेंही चांगलें, किंबहुना नेढें त्यामुळें चिवट राहतें.

पाणी देणें हेंच खरें कसब. धारेचा दीड-दोन बोटें भाग तेवढा लाल करून बुडवावयाचा. नेढें कठीण करावयाचें नाहीं, नाहीं तर तें तडकेल. पाट्याचें पोलाद एकदम थंड पाण्यांत घातलें तर धारेस बारीक चिरा पडण्याची भीति असते, म्हणून म्हाताऱ्यानें जुनें तेल वापरलें. नंतर पातें घासून उजळ केलें व मागच्या बाजूनें पुन्हां हळूहळू ऊब दिली. धारेकडे रंग सरकत येतात : आधीं गवतासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, शेवटीं निळा. पिवळ्यावर थांबविलें तर कुऱ्हाड गांठीवर आपटतांच धारेचा तुकडा उडतो; निळ्यावर गेलें तर धार लवकर वळते. तांबूस-जांभळ्यावर म्हाताऱ्यानें हात आवरला. कोणतें यंत्र नाहीं, उष्णतामापक नाहीं, सारें डोळ्यांत. आमच्या सबंध नोकरींत एवढ्या नेमक्या हिशेबाचा कारकून आम्हीं पाहिला नाहीं. मजुरीचे आम्हीं चारशें रुपये दिले, आणि घासाघीस केली नाहीं. ज्या घरांत पातें सुटण्याचा प्रकार घडून गेला आहे तेथें घासाघिशीची हौस उरत नाहीं.

तयार कुऱ्हाड घेणाऱ्यास धारेची परीक्षा कानशीनें करतां येते. कानस धारेवरून नुसती घसरत गेली व मुळींच लागली नाहीं तर पाणी फार झालें. लोण्यासारखी शिरली तर पाणी झालेंच नाहीं. थोडी अडखळत, कष्टानें कापूं लागली तर बरोबर. दुकानदार कानस लावूं देणार नाहीं, तर तेथून निघून यावें.

भंगारांतील जुनें पातें हा तर सर्वांत स्वस्त मार्ग. पूर्वींच्या घडणींतलीं कित्येक पातीं गंजून पडलेलीं असतात, व किलोच्या भावानें मिळतात. वरचा गंज भिववीत नाहीं, घासून जातो. पाहावयाचें तें नेढ्याच्या दोन्ही गालांकडे. तेथें केसाएवढी चीर असली तरी टाकून द्यावें. मागचा बोथट भाग हातोड्यानें ठोकून ठोकून छत्रीसारखा पसरला असेल तर नेढें वेडेंवांकडें झालें असण्याचा संभव असतो. आणि जुना दांडा काढण्यासाठीं पातें विस्तवांत टाकण्याची आपल्याकडील रीत अगदीं घातक आहे. दांडा जळतो, त्याबरोबर धारेचें पाणीही उतरतें. दांडा पात्यालगत करवतून, उरलेला गाभा गिरमिटानें पोखरून बाहेर ठोकावा. असें जळलेलें पातें भंगारांत बरेंच येतें, म्हणून कानशीची परीक्षा तेथेंही करावी.

विलायती कुऱ्हाडींची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. स्वीडन देशांत ग्रॅन्सफोर्स येथील कारखान्यांत १९०२ पासून कुऱ्हाडी घडवितात, व ज्या कारागिरानें पातें घडविलें त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें त्यावर उठविलेलीं असतात. ही गोष्ट आम्हांस फार आवडली. परंतु तीं येथपर्यंत आणवून घेण्यास जो खर्च येतो त्यांत आमच्याकडील सहलीची सबंध टोळी लोहाराच्या कुऱ्हाडींनीं सज्ज होईल. आमच्या घिसाड्यास आम्हीं विचारलें, तुमचें अक्षर घाला. तो हंसला व एक चांदणीसारखी खूण छिनीनें घालून दिली.

वापराविषयीं थोडक्यांत लिहितों. लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर जमिनींत जाते. आंखूड दांड्याची चुकली तर नडगींत येते. म्हणून लहान कुऱ्हाडीनें उभ्यानें घाव घालूं नये. गुडघे टेकून, पुढें जाड ओंडका ठेवून, त्याच्या पलीकडल्या कडेवर लांकूड ठेवावें. बारीक फोडतांना लांकूड एका हातानें धरून त्यावर घाव घालणें हा वेडेपणा होय. धार लांकडांत टेकवून दोन्ही एकत्र उचलावीं व ओंडक्यावर आपटावीं. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूवर लोखंडी हातोडा मारूं नये. धारेस म्यान असावेंच. ट्यूबच्या रबराचा किंवा जुन्या पायताणाच्या कातड्याचा तुकडा दोन रिबिटांनीं जोडला कीं काम झालें. पिशवींत उघडी धार ठेवून गड उतरणाऱ्या एका तरुणाची पाठ आम्हीं पाहिली आहे. वर्णन करीत नाहीं.

शेवटीं कायद्याचें. हा भाग आमच्या हाडींमासीं खिळला असल्यानें वाचकांनीं सोसून घ्यावा. हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत येतो, वासोटा कोयना अभयारण्यांत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम ३१ प्रमाणें लेखी परवानगीवांचून अभयारण्यांत शस्त्र नेतां येत नाहीं, आणि त्या अधिनियमांतील शस्त्राची व्याख्या इतकी रुंद आहे कीं, प्राण्यास इजा करूं शकणारें कोणतेंही हत्यार तींत बसतें. आमची कुऱ्हाड सरपणासाठीं आहे हें सांगणें तेथें चालणार नाहीं. राखीव वनांत तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानें झाड तोडणें व विस्तव पेटविणें या दोहोंसही मनाई आहे. जत्रा-निवडणुकांच्या दिवसांत पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालीं जिल्ह्यांत शस्त्रबंदीचे हुकूम निघतात. असे किती हुकूम आम्हीं आपल्या हातानें नकलून दिले याची मोजदाद नाहीं. त्या मुदतींत एस. टी. त कुऱ्हाड घेऊन बसणाऱ्यानें वाटेंत उतरवून घेतलें म्हणून रागावूं नये. म्हणून सहलीचें ठिकाण आधीं ठरवावें, कुऱ्हाड नंतर घ्यावी. अभयारण्यांतील गडावर जाणाऱ्यांनीं पायथ्याच्या गांवीं जेवणाची सोय करून पैसे त्या गांवांत टाकावे. कुऱ्हाड न्यावी ती आपल्या शिवारांत, नदीकांठच्या मळ्यांत, मित्राच्या बांधावर.

तें घिसाडी कुटुंब दरवर्षीं कार्तिकांत येतें असें कळतें. ज्या सभासदांस कुऱ्हाड हवी असेल त्यांनीं मोटारीचा पाटा मिळवून ठेवावा व आपलीं नांवें मंडळाच्या कचेरींत द्यावीं; दहा-बारा नांवें झालीं तर त्या म्हाताऱ्यास दोन दिवसांचें काम एकदम देतां येईल, व दांडे प्रत्येकाच्या हाताच्या मापानें बसवितां येतील. आमची कुऱ्हाड नमुन्यास पाहावयाची असल्यास मात्र थोडें थांबावें लागेल. ती गेल्या महिन्यापासून थोरल्या पुतण्यांकडे आहे, आणि मागितली असतां ते म्हणतात, “अण्णा, अजून पाचर तपासतो आहे.”